दोघांची पटकथा, दोघांचा हिस्सा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याची टंचाई असते, कामाची असते. गोष्टींची मात्र कधीच नसते. साखरखेर्ड्याच्या रानात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली आणि तिथेच हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा साऱ्या जगाने ते छायाचित्र पाहिले. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दरवर्षी होळीच्या सुमारास नारळांची होळी पेटते, संदल निघतो आणि नवस फेडायला आलेल्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान, हे कोणी विचारत नाही. या मोठ्या गोष्टी झाल्या. प्रत्येक मोहल्ल्यातल्या, प्रत्येक घरातल्या लहान गोष्टी तर मोजता येणार नाहीत.

तरीही आपल्या घरातली गोष्ट मराठी पडद्यावर फार क्वचित दिसते. प्रभात कंपनीने १९४१ साली ‘शेजारी’ काढला. विश्राम बेडेकरांनी लिहिलेल्या त्या कथेत जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे मित्र होते आणि मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले होते. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, पण मुसलमान पात्र बहुधा शेजारी, मित्र किंवा पाहुणा म्हणूनच येते. त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या अम्मीच्या खोलीत कॅमेरा सहसा जात नाही. ज्यांना ते घर आतून माहीत आहे, त्यांना पटकथा लिहिता येत नाही. आणि ज्यांना पटकथा येते, त्यांना घर माहीत नाही. अडचण एवढीच आहे.

आज आपली मुले मोबाइलवर लघुपट काढतात. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, उमेद आहे. बहुतेकांचे घोडे अडते ते लिहिण्यात. एकटा मुलगा लिहायला बसतो, दहा-पंधरा पाने होतात आणि वही कपाटात जाते. अशा मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांनाही आम्ही या लेखात एक गोष्ट सांगू इच्छितो. पटकथा हे दोघांनी मिळून करण्यासारखे काम आहे. जोडीदार मात्र नीट पारखून घ्यावा लागतो आणि दोघांचा हिस्सा काय, हे पहिले पान लिहिण्याआधी ठरवावे लागते.

पानिपतचे अब्बास आणि मराठी साठे

ख्वाजा अहमद अब्बास यांचे नाव आपल्या घरांत परिचयाचे आहे. १९१४ साली पानिपतला जन्म, अलिगढला शिक्षण आणि १९३५ पासून मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकारी. त्यांच्या नावाशेजारी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वारंवार दिसणारे दुसरे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. ते नाव म्हणजे व्ही. पी. साठे. अब्बास उर्दू आणि इंग्रजीत लिहिणारे, साठे मराठी माणूस. या दोघांनी मिळून १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ची पटकथा लिहिली. मूळ पुस्तक अब्बास यांचे होते, दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम होते आणि गोष्ट होती सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरची. द्वारकानाथ कोटनीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले.

पुढे याच जोडीने राज कपूर यांच्यासाठी ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) लिहिले. ‘बॉबी’च्या (१९७३) पटकथेवरही दोघांची नावे आहेत. म्हणजे ‘कोटनीस’पासून ‘बॉबी’पर्यंत २७ वर्षांचा हा सहवास. ‘आवारा’ची गोष्ट आधी मेहबूब खान यांच्याकडे गेली होती. बाप आणि मुलगा यांच्या भूमिकांत खरोखरचे बाप-लेकच हवेत, असा अब्बास यांचा आग्रह होता. मेहबूब यांच्या मनात दुसरे नट होते. शेवटी ती गोष्ट राज कपूर यांनी घेतली आणि न्यायाधीश बापाचे काम पृथ्वीराज कपूर यांनी केले. लेखकाला आपल्या गोष्टीचा गाभा कोणता हे पक्के माहीत असेल, तर मोठ्या माणसालाही ‘नाही’ म्हणता येते. असे ‘नाही’ म्हणताना पाठीशी लिहिणारे आणखी एक माणूस असेल, तर बळ येते.

एकाला जे येत नाही, ते दुसऱ्याला

सलीम-जावेद ही जोडी तर सर्वांनाच ठाऊक आहे. सलीम खान यांचा जन्म होळकरांच्या इंदूरचा, जावेद अख्तर यांचा शिंद्यांच्या ग्वाल्हेरचा. दोघे भेटले ते १९६६ च्या ‘सरहदी लुटेरा’ या चित्रपटाच्या वेळी. तिथे सलीम अभिनेते होते आणि जावेद दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करत होते. सलीम अभिनयात फारसे पुढे जात नव्हते. त्या काळात ते लेखक अबरार अल्वी यांच्याकडे उमेदवारी करू लागले आणि जावेद कैफी आझमी यांच्याकडे. म्हणजे यश मिळण्याआधी दोघांनीही जुन्या लेखकांच्या हाताखाली काम केले होते. हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

१९७१ मध्ये ‘अंदाज’ आणि ‘हाथी मेरे साथी’, १९७३ मध्ये ‘जंजीर’, १९७५ मध्ये ‘दीवार’ आणि ‘शोले’. ‘दीवार’साठी त्यांना कथा, पटकथा आणि संवाद हे तिन्ही फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. साधारणपणे असे सांगितले जाते की कथेचा आणि पात्रांचा सांगाडा सलीम यांच्याकडून येई आणि संवादांवर जावेद यांचा हात फिरे. जावेद संवाद उर्दू लिपीत लिहीत आणि मग ते इतरांसाठी नागरीत उतरवले जात. आपल्याकडे एक मूल जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकते आणि शेजारचे मराठी शाळेत. लिपी वेगळी म्हणून दोघांचे जमणार नाही, असे मानायचे काहीच कारण नाही.

या जोडीने आणखी एक गोष्ट केली. पूर्वी पोस्टरवर लेखकाचे नाव नसे. ‘जंजीर’च्या वेळी त्यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. नाव दोघांचे मिळून एकच होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळे झाले. जावेद यांनी ‘बेताब’ आणि ‘अर्जुन’ लिहिले, सलीम यांनी ‘नाम’. जुन्या पटकथांवरचे जोडनाव मात्र आजही तसेच आहे.

जोडी घरातही असते

अनेक आईवडिलांच्या मनात एक शंका असते: सिनेमाच्या निमित्ताने मूल कुणाच्या संगतीत जाईल? ती शंका आम्ही फोल मानत नाही. पण लिहिण्याची जोडी घराबाहेरच शोधावी लागते असे नाही. इस्मत चुगताई यांनी लिहिले आणि त्यांचे पती शाहिद लतीफ यांनी दिग्दर्शन केले, असे ‘जिद्दी’ (१९४८), ‘आरजू’ (१९५०) आणि ‘सोने की चिडिया’ (१९५८) हे चित्रपट झाले. ‘सैराट’मध्ये (२०१६) नागराज मंजुळे यांच्याबरोबर संवादलेखनात त्यांचे भाऊ भारत मंजुळे होते. भाऊ-बहीण, नणंद-भावजय, नवरा-बायको अशी जोडी घरच्या ओसरीवर बसून काम करू शकते.

घराबाहेरची जोडी हवीच असेल, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याकडे पाहावे. भावे समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापिका. सुकथनकर त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून दोघांनी एकत्र काम केले. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ असे चित्रपट आले आणि २०१६ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘कासव’ला मिळाला. २०२१ मध्ये भावे गेल्या तोवर हे काम चालूच होते. एकीने माणसांचा अभ्यास केलेला, दुसऱ्याने चित्रपटाचा. वय, शिक्षण, स्वभाव काहीच सारखे नव्हते. कामाबद्दलची निष्ठा मात्र सारखी होती.

बुलढाण्यात जोडीदार कुठे मिळेल?

मुंबईला जाऊन शोधण्याआधी जिल्ह्यातच नजर फिरवावी. आपली महाविद्यालये अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्याच्या युवक महोत्सवासाठी एकांकिका आणि पथनाट्य बसवणारी मुले दर वर्षी तयार होतात. त्यांना संवाद तोंडात कसा बसतो हे कळते. तालुक्याच्या ग्रंथालयात नियमित येणारे चार तरी वाचक असतात. उर्दू शाळांतले शिक्षक मुशायऱ्यांसाठी लिहितात. लग्नाचे चित्रीकरण करणारे तरुण तर गावोगाव आहेत. रुखसतीच्या वेळी वधूपेक्षा बापाच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरावा, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, पण कळते. आणि लेखनात मुरलेली माणसेही इथे आहेत. ‘बारोमास’ लिहिणारे सदानंद देशमुख याच जिल्ह्याचे. त्या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे धीरज मेश्राम यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट केला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट वऱ्हाडातच बसून लिहिली गेली आणि पडद्यापर्यंत पोहोचली.

पारख कशी करावी? आम्हाला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. मला जे येत नाही ते याला येते का? माझे वाईट लिहिलेले हा तोंडावर वाईट म्हणेल का? आणि दिलेल्या वेळेला हा येतो का? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बहुतेक जोड्या त्यावरच मोडतात. आवडीनिवडी जुळणारा मित्र गप्पांना चांगला असतो. लिहायला मात्र तो उपयोगी पडेलच असे नाही, कारण जिथे आपण अडतो तिथेच तोही अडतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका गावात उर्दू शाळेतल्या एक बाई आहेत आणि मराठी शाळेतल्या दुसऱ्या. उर्दू शाळेतल्या बाईंच्या मनात गोष्ट आहे ती फूफीची. वडिलांच्या पश्चात शेतातला आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून दिलेली फूफी. शरियतने मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, हे त्या घरात सर्वांना माहीत आहे. तरी ती म्हणते, “मेरेकू क्या करना जमीन का?” असे ती का म्हणते, हे या बाईंना आतून ठाऊक आहे. ईदला भाऊ कपडे घेऊन येतो. हिस्सा मागितला तर तो येणार नाही आणि माहेरचा उंबरा परका होईल.

पण सही कुठे होते, कोणत्या कागदावर होते, त्या वेळी खोलीत कोण असते, हे त्यांना माहीत नाही. ते मराठी शाळेतल्या बाईंना माहीत आहे, कारण त्यांच्या आत्याने अशीच सही केली आहे. हक्कसोडपत्र, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातला बाक, अंगठ्याची शाई, तलाठ्याकडची फेरफाराची नोंद आणि मग सातबाऱ्यावरून गेलेले नाव. हिंदू मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने मिळाला, पण आत्या म्हणाली होती, “भाऊ तुटायला नको.”

दोघी एकमेकींकडे बघतात तेव्हा गोष्ट बदलते. आतापर्यंत ती ‘मुसलमान बाईची व्यथा’ होती. आता ती वऱ्हाडातल्या बहिणींची गोष्ट झाली. त्याच बाकावर फूफी आणि आत्या शेजारी-शेजारी बसल्या आहेत, आपापल्या कागदाची वाट पाहत. हा प्रसंग दोघींपैकी एकटीला सुचला नसता.

पुढे शेवटावरून दोघींचे वाजणारच. एक म्हणेल, फूफीने सही करू नये. दुसरी म्हणेल, ती करणारच, कारण खऱ्या आयुष्यात तिने केली. अशा वेळी वाद घालत बसू नये. दोन्ही शेवट लिहावेत आणि मोठ्याने वाचावेत. कानाला खोटे काय वाटते ते लगेच कळते.

काम कसे करावे

सुरुवात लांब चित्रपटाने करू नये. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणून आधी दहा पानांचा लघुपट लिहावा. तेवढ्यात जोडीदार कळतो. जमले नाही, तर दोन महिने गेले, मैत्री गेली नाही.

आधी गोष्ट दोन-तीन ओळींत लिहावी. मग एका पानात. मग प्रसंगांची यादी करावी: ठिकाण कोणते, दिवस की रात्र, कोण आहे, काय घडते. ही यादी दोघांना पटेपर्यंत संवाद लिहायला घेऊ नयेत. बरीच भांडणे संवादांवरून होतात, पण खरा मतभेद त्याआधीच्या प्रसंगात असतो.

पटकथेत जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहायचे असते. ‘फूफी मनातून दुखावली होती’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. भावाने आणलेला ईदचा जोडा तिने घडी न मोडता ट्रंकेत ठेवला, हे दिसते.

बैठकीची वेळ ठरलेली असावी, म्हणजे रविवारी जोहरनंतर असरपर्यंत, अशी. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे आणि पुढच्या वेळी अदलाबदल करावी. दुसऱ्याचे लिहिलेले त्याच्यासमोर वाचल्याशिवाय खोडू नये. ‘हा माझा प्रसंग, तो तुझा’ ही भाषा टाळावी. एकत्र कामात एकाच्या चुकीच्या सूचनेतून दुसऱ्याला बरोबर गोष्ट सुचते. मग ती कुणाची म्हणायची?

मुलगी आणि परक्या घरातला मुलगा असे एकत्र लिहिणार असतील, तर दोन्ही घरच्यांची आधी भेट व्हावी आणि बैठक घरातल्या पुढच्या खोलीत किंवा ग्रंथालयात असावी. चोरून केलेल्या कामावर अर्धे लक्ष चोरी लपवण्यात जाते.

आधी कागद, मग कथा

व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. तरी मैत्रीत कागद काढायला आपण लाजतो. फूफीच्या गोष्टीतही लाज तीच आहे. ‘भावा-भावांत कागद कशाला?’ असे म्हणत म्हणतच बहिणीचे नाव जाते.

कायदा काय सांगतो, तेही थोडक्यात पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखनाची तरतूद आहे. दोघांनी मिळून लिहिले आणि कुणाचा भाग कोणता हे वेगळे काढता येत नसेल, तर दोघेही लेखक. अशा लेखनावरचा हक्क दोघांपैकी शेवटी मृत्यू पावणाऱ्याच्या पश्चात ६० वर्षे राहतो, म्हणजे तो मुलाबाळांपर्यंत जातो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. चित्रपटगृहाबाहेर, उदाहरणार्थ टीव्हीवर, चित्रपट दाखवला गेला तर त्यातल्या रॉयल्टीचा लेखकाचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही.

मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट घेतला, अशी त्यांची तक्रार होती. विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून चहाच्या टपरीवर सांगितलेली गोष्ट तुमची राहत नाही, लिहून काढलेली राहते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन घरबसल्या ऑनलाइन पटकथा नोंदवता येते. नोंदवताना दोघांची नावे घालावीत. कोणत्या तारखेला काय लिहिलेले होते, याचा तो पुरावा असतो. नोंद होण्याआधी पूर्ण पटकथा कुणालाही पाठवू नये. आणि ‘तुमच्या कथेवर चित्रपट काढतो, आधी एवढे पैसे भरा’ असे कोणी म्हटले, तर तिथूनच सलाम करून परतावे. काम लेखकाचे असते. पैसे त्याला मिळायला हवेत, त्याच्याकडून जायला नकोत.

दोघांतला करार एका पानात बसतो. नावांचा क्रम काय. मिळकतीतला वाटा किती. वेगळे काही ठरले नसेल तर निम्मा-निम्मा. एकाने मध्येच काम सोडले, तर झालेल्या लेखनाचे काय. एकमेकांना विचारल्याशिवाय पटकथा तिसऱ्याला दाखवायची नाही. खाली दोघांच्या सह्या, तारीख आणि घरातल्या एका मोठ्या माणसाची साक्ष. जो जोडीदार या पानावर सही करायला कां-कूं करतो, तो पुढे काय करील याचा अंदाज तिथेच येतो.

आणि पटकथा पुरी झाली की ती मुंबईला पाठवण्याआधी घरात वाचून दाखवावी. एकदा अम्मीसमोर, एकदा जोडीदाराच्या आईसमोर. त्यांना पटकथेचे तंत्र कळत नसेल. पण ‘असे कोणी बोलत नाही गं’ असे त्या ज्या ओळीला म्हणतील, तिथे खूण करून ठेवा आणि पुढच्या रविवारी ती ओळ दोघांनी मिळून पुन्हा लिहा.